आधी कुलूप ठरवा, बंदूक नंतर

ताई, नमस्कार.

महिन्यापूर्वी आमच्या शेजारच्या घरात रात्री चोर शिरले. माणसं घरातच झोपलेली होती. कुणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. जरा खुट्ट झालं की उठून बसतो. नोकरीतही सध्या बरं चाललेलं नाही, कशात मन लागत नाही. घरात मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि आई. आईला विस्मरणाचा आजार आहे, रात्री उठून ती घरभर फिरते. घर दुमजली आहे आणि आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले पातळ बोर्ड. मी बंदूक घ्यायचं ठरवलं आहे. भाऊ म्हणतो, शॉटगन घे, तिचा नुसता खटका ऐकून चोर पळतो आणि नेमही धरावा लागत नाही. दुकानदार छोटं पिस्तूल सुचवतो, 'वहिनींनाही जमेल' म्हणतो. मित्राचं मत रायफलच्या बाजूने. बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती घाबरेल. मुलाला कळू नये म्हणून कपाटाच्या वरच्या खणात ठेवेन. तोपर्यंत माझं पिस्तूल घेऊन जा, असंही भाऊ म्हणतोय. नेमकं काय घेऊ?

– एक वाचक

नमस्कार,

शेजारच्या घरात, माणसं झोपलेली असताना कुणी शिरलं, यावर झोप उडणं अगदी साहजिक आहे. तुमची भीती खोटी नाही आणि आपल्या माणसांचं रक्षण करावंसं वाटण्यात काही चूक नाही. म्हणून उत्तर सरळच देते: सध्या घरात बंदूक आणू नका. पुढे कधी आणायची झालीच तर कोणती, तेही सांगणार आहे. पण 'सध्या नको' का, ते आधी नीट वाचा.

बंदूक घेताना बहुतेक जण चोर डोळ्यांसमोर ठेवतात. तो किती अंगापिंडाचा असेल, किती जण असतील, कुठून येतील. चोर तुमच्या घरात एखाद्या रात्री येईल किंवा आयुष्यात कधीच येणार नाही. बंदूक मात्र रोज चोवीस तास तुमच्या चार माणसांबरोबर राहणार आहे. त्यामुळे तिची निवड त्या चौघांकडे बघूनच करावी लागते.

सुरुवात आईंपासून. तुम्ही लिहिलंय की त्या रात्री उठून घरभर फिरतात. म्हणजे रात्री दोन वाजता तुमच्या घरातल्या अंधाऱ्या जिन्यावर जी सावली दिसेल, ती जवळपास दर वेळी तुमच्या आईची असेल. तुम्ही अर्धवट झोपेत, छाती धडधडतेय, हातात भरलेलं पिस्तूल. आवाज दिलात तर त्या उत्तर देतीलच असं नाही, या आजारात हाक ऐकू येऊनही कधी कधी तिचा अर्थ लागत नाही. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस आठवतो का? १४ फेब्रुवारी २०१३च्या पहाटे त्याने घरातल्या टॉयलेटच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकॅम्प होती, ती गेली. आत चोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव होता. २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी धरलं. दारामागे कोणीही असलं तरी गोळ्यांनी ते माणूस मरू शकतं हे त्याला कळत होतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आत नक्की कोण आहे हे न बघता चाप ओढणाऱ्याला 'मला वाटलं चोर आहे' हे वाक्य वाचवेलच असं नाही. आणि कोर्टाने वाचवलं असतं तरी गेलेलं माणूस परत आलं नसतं.

आईंच्या बाबतीत दुसरीही बाजू आहे. विस्मरणाच्या आजारात बऱ्याचदा संध्याकाळनंतर गोंधळ वाढतो. रोजची माणसं परकी वाटू लागतात, घरात कोणीतरी शिरलंय असा संशय येतो. अशा माणसाच्या हाती बंदूक लागू शकते हा विचारसुद्धा घरात कुणी करत नाही, कारण आई म्हणजे आई. पण कपाटाचा खण उघडायला स्मरणशक्ती लागत नाही.

आता मुलगा. 'त्याला कळणार नाही' हे वाक्य मी फार ऐकलं आहे. २००१ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या परिसरातल्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना दोघातिघांच्या गटाने एका खोलीत पंधरा मिनिटं सोडलं. खोलीतल्या एका ड्रॉवरमध्ये निकामी केलेलं खरं पिस्तूल ठेवलेलं होतं. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हातात घेतलं आणि १० गटांमध्ये कुणी ना कुणी चाप ओढला. हात लावणाऱ्या बहुतेक मुलांना बंदुकीबाबत काय काळजी घ्यायची हे आधी काही ना काही शिकवलेलं होतं. म्हणजे ही बिघडलेली पोरं नव्हती, तुमच्या-माझ्या घरातली होती. तुमचा मुलगा बरोबर त्याच वयाचा आहे. कपाटाचा वरचा खण ही दहा वर्षांच्या मुलासाठी लपवायची जागा नव्हेच. खुर्ची ओढून वर चढायचं निमित्त आहे ते.

तिसरी गोष्ट तुमची स्वतःची. झोप नाही, नोकरीत ताण आहे, कशात मन लागत नाही. हे तुम्ही दोन ओळींत उरकलंत, पण मी तिथेच थांबले. म्हणून स्पष्ट विचारते: जगण्याचा कंटाळा आला आहे, आपण नसलेलो बरं, असं कधी मनात येतं का? येत असेल तर आजच बायकोला किंवा जवळच्या कुणाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. हे विचारण्याचं कारण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासून केलेला अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त आढळलं, स्त्रियांमध्ये सातपटीच्या आसपास. पहिलं पिस्तूल घेतल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस सगळ्यात धोक्याचे होते. माणसाला अगदी टोकाला नेणारी ती वेळ बऱ्याचदा थोडी असते आणि ती टळली की माणूस सावरतो. बंदूक हाताशी असली तर सावरायला वेळच मिळत नाही, बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ जीव घेतात. तुमच्या मनात असं काही नसेल तर चांगलंच. तरीही झोप ठिकाणावर येईपर्यंत हा निर्णय पुढे ढकला. महिनाभर नीट न झोपलेल्या माणसाने अंधारात आवाज ओळखायचा, नेम धरायचा आणि तेही बरोबर, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि बायकोला सांगितलेलं नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. ती घाबरेल म्हणून लपवायचं, आणि मग एखाद्या दिवशी कपडे आवरताना तिच्या हाताला ते लागायचं? घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला बंदूक आहे हे माहीत हवं, ती कुठे आहे हे माहीत हवं आणि ती असावी की नाही यावर प्रत्येकाचं मत धरलं गेलं पाहिजे. तिने नाही म्हटलं तर तो नकार शेवटचा माना. तिचं आयुष्यही त्याच छपराखाली जाणार आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. समजा काही महिने गेले, झोप परत आली, बायको तयार झाली, तुम्ही राहता तिथल्या कायद्याप्रमाणे परवाना मिळाला. मग काय घ्यायचं?

भावाच्या शॉटगनबद्दल आधी बोलते, कारण त्याच्या दोन्ही समजुती फार पसरलेल्या आहेत. बारा बोअर या शॉटगनच्या नेहमीच्या मापात नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो. मोठ्या छर्ऱ्यांच्या एका काडतुसात सुमारे ८.४ मिलिमीटर जाडीचे आठ-नऊ छर्रे असतात. मैदानात लांबवर ते पसरतात, हे खरं. पण खोलीच्या आत, चार-पाच मीटरवर, ते फार तर तळहाताएवढ्या जागेत बसतात. म्हणजे नेम धरावाच लागतो, पिस्तुलाइतकाच. नेम चुकला तर ते सगळे छर्रे तुमच्या पातळ बोर्डातून पलीकडे जाणार. खांद्याला बसणारा धक्काही चांगलाच जोराचा असतो, सराव नसलेला माणूस एकदा बार काढल्यावर डोळे मिटून घेतो. राहिला तो खटका. चोर तो ऐकून पळेल, यावर घरातल्या चार जिवांची भिस्त ठेवता येत नाही. एखादा पळेलही. दुसरा घाबरून हातातलं हत्यार आधी चालवेल. शिवाय तुम्ही नेमके कुठे उभे आहात हे त्याला कळेल ते वेगळंच.

तरी शॉटगनचं एक बलस्थान मान्य करायला हवं. दोन्ही हात आणि खांदा मिळून ती धरायची असल्याने थोड्या सरावाच्या माणसाचा नेम पिस्तुलापेक्षा तिच्यावर लवकर बसतो. एकटा राहणारा, एका खोलीत दार लावून पोलिसांची वाट बघू शकणारा माणूस असता तर मी कदाचित तिचं नाव घेतलं असतं. तुम्हाला मात्र आवाज झाला की मुलाच्या आणि आईंच्या खोलीपर्यंत जायचं आहे. एका हाताने मुलाला धरायचंय, दिवा लावायचाय, फोन करायचाय. मीटरभर लांबीची वस्तू दोन्ही हातांत धरून अरुंद पॅसेजमध्ये हे जमत नाही.

रायफलचंही तेच, आणि वर आवाज. १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाज कानांना कायमची इजा करू शकतो. जवळपास सगळ्याच बंदुका ती मर्यादा ओलांडतात, बंद खोलीत रायफल तर फारच. शिकारीच्या जड गोळ्या तुमचं घर ओलांडून शेजाऱ्यांच्या घरात शिरू शकतात. हलक्या, वेगवान गोळ्या लवकर फुटतात असं तुमचा मित्र सांगेल. काही प्रमाणात ते खरं आहे, पण पातळ बोर्डापुढे त्यावर विसंबू नका. भिंतींचा नियम सगळ्या बंदुकांना सारखाच लागू आहे: जी गोळी हल्लेखोराला थांबवू शकते, ती बोर्डाच्या एकाहून जास्त भिंती भेदते. म्हणून बंदुकीआधी घराचा नकाशा काढा. तुम्ही जिथे उभे राहाल तिथून कोणत्या दिशेला मुलाचा पलंग येतो, कोणत्या दिशेला आईंचा, शेजाऱ्यांची खिडकी कुठे. कोणत्याही परिस्थितीत ज्या दिशेने बार काढायचा नाही अशा दिशा त्यावर लाल करा. तुमच्या घरात कदाचित सगळाच नकाशा लाल होईल. तसं झालं तर उत्तर मिळालं.

राहिलं पिस्तूल. घ्यायचंच झालं तर मी याच बाजूने कौल देईन, पण दुकानदार म्हणतो ते छोटं नको. छोटं पिस्तूल हातात गोंडस दिसतं, बायकांसाठी म्हणून खपवलं जातं, आणि चालवायला सगळ्यात अवघड तेच. वजन कमी म्हणून झटका जास्त, नळी आखूड म्हणून नेम कठीण, दस्ता लहान म्हणून पकड अपुरी. ते खिशात लपवण्यासाठी बनवलेलं असतं, तुम्हाला खिशात ठेवायचं नाहीच. पूर्ण आकाराचं, वजनदार, नऊ मिलिमीटरचं पिस्तूल नवशिक्याला जास्त सोसतं. जिथे ते कायद्याने घेता येतं तिथे त्याची काडतुसं सहसा सहज मिळतात, म्हणजे सरावही परवडतो. याहून मोठ्या कॅलिबरच्या, म्हणजे जास्त जाड गोळीच्या, मागे लागू नका. लागलेली नऊ मिलिमीटरची गोळी चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा बरी.

रिव्हॉल्व्हर साधं असतं. पाच-सहा गोळ्या, चक्र उघडलं की भरलंय की रिकामं ते डोळ्यांना दिसतं, पिस्तुलासारखी स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढायला मनगटात जोर लागत नाही. पण घोडा न चढवता बार काढायचा तर चाप फार जड, पाच किलोच्या आसपास. त्या जोराने नळी हलते आणि नेम सुटतो. पिस्तुलाचा घातक सापळा वेगळा आहे: मॅगझिन, म्हणजे दस्त्यात बसणारी गोळ्यांची डबी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं वाटतं. नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, एक गोळी राहिलेली असू शकते आणि बहुतेक पिस्तुलं ती मॅगझिनशिवायही झाडतात. या एका गैरसमजाने फार माणसं गेली आहेत. मॅगझिन आधी काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, मग बोटाने चाचपायचं. दर वेळी. आत्ताच बघितलं होतं असं वाटलं तरी.

आता शीर्षकातल्या कुलपाकडे येते. बंदूक, मॉडेल, कॅलिबर यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात आणि ती ठेवायची कुठे, हे आणल्यावर बघू म्हणतात. तुमच्या घरात क्रम उलटा हवा. आधी लोखंडी पेटी घ्या, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करा. उचलून नेता येणारी पेटी चोराचं काम सोपं करते. बटणं दाबून आकड्यांनी उघडणारं यांत्रिक कुलूप चांगलं. बोटाच्या ठशावर चालणारं घामेजल्या किंवा ओल्या बोटाला दाद देत नाही, बॅटरीचं कुलूप बॅटरी संपल्यावर गप्प बसतं. आकडा मुलाचा वाढदिवस नसावा आणि किल्लीचं कुलूप असेल तर किल्ली 'कुणाला माहीत नसलेल्या' डब्यात नसावी. २००६च्या एका अभ्यासात, मुलांना बंदुकीची जागा माहीत नाही असं खात्रीने सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी ती जागा बरोबर माहीत असल्याचं सांगितलं. बंदूक रिकामी, कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. लहान मुलं असलेल्या घरांसाठी हीच पद्धत सगळ्यात सुरक्षित मानतात.

तुम्ही म्हणाल, मग गरजेच्या वेळी हाती कशी येणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर तोडगा असल्याचं भासवणार नाही. मुलापासून आणि आईंपासून खरोखर सुरक्षित असलेली बंदूक तुमच्याही हातात उशिरा येते. तुमच्या घरात मी उशिराच्या बाजूने उभी राहीन. आणि म्हणूनच मला वाटतं की तुमच्या घराचं रक्षण बंदुकीपेक्षा दाराने जास्त होईल.

बहुतेक दरवाजे कुलूप तुटून उघडत नाहीत. कुलपाची जीभ ज्या पट्टीत अडकते, ती पट्टी चौकटीला बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूंनी लावलेली असते आणि एका लाथेत चौकट फाटते. तिथे आणि बिजागऱ्यांना तीन इंची स्क्रू लावा, भिंतीच्या आतल्या लाकडापर्यंत जाणारे. हे एका दुपारचं काम आहे. बाहेर माणूस आला की आपोआप लागणारे दिवे, खालच्या मजल्यावरच्या खिडक्यांना अडसर, मागच्या दाराला आतून कडी. आईंच्या खोलीच्या दाराला सेन्सर लावा, त्या उठल्या की तुमच्या उशाशी मंद घंटी वाजेल असा. जिन्यात आणि पॅसेजमध्ये रात्रभर बारीक दिवा असू द्या. त्याने आई पडणारही नाहीत आणि आवाज आला की कोण आहे ते तुम्हाला लगेच दिसेल. मला विचाराल तर तुमची झोप परत आणायला ही घंटी आणि हा दिवा पुरेसा ठरण्याची शक्यता बरीच आहे.

मग एका संध्याकाळी बायको आणि मुलाला घेऊन बसा. रात्री कुणी शिरलं तर सगळ्यांनी कोणत्या खोलीत जमायचं, आईंना कोण आणणार, दार आतून कसं अडवायचं, पोलिसांना फोन कोण करणार. खाली उतरून चोराला शोधायला कुणीही जायचं नाही, तुम्हीसुद्धा. टीव्ही नेऊ दे, दागिने नेऊ दे. नुसत्या वस्तूंसाठी कुणाचा जीव घेणं कायद्यालाही सहसा मान्य नसतं, आणि तुमच्या मनालाही ते आयुष्यभर झेपणार नाही.

हे सगळं करूनही वर्षभराने बंदूक हवीशी वाटली तर विकत घेण्याआधी प्रशिक्षण घ्या, तुम्ही दोघांनी मिळून. जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाने रूढ केलेले चार नियम तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे पक्कं बघायचं. तिथे वेगवेगळ्या बंदुका भाड्याने किंवा सरावासाठी चालवायला मिळत असतील तर चालवून बघा. हातात काय बसतं ते कुणाच्या सांगण्यावरून कळत नाही. टॉर्च बंदुकीला जोडलेली घेऊ नका, हातातली वेगळी ठेवा. जोडलेल्या टॉर्चने कोण आहे ते बघायचं म्हणजे आधी त्याच्यावर नळी रोखायची, आणि तुमच्याकडे ती सावली कोणाची असेल ते वर लिहिलंच आहे. एकदा शिकून भागत नाही, महिन्यातून एकदा तरी सराव लागतो. तेवढा वेळ काढणं जमणार नसेल तर बंदूक घेऊ नका, इतकं ते सरळ आहे.

राहता राहिलं भावाचं पिस्तूल. तो प्रेमाने देतोय, तरी घेऊ नका. परवाना नसताना दुसऱ्याची बंदूक घरात ठेवणं हा बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे, आणि तो तुमच्याबरोबर भावावरही येऊ शकतो. तुमच्याकडे अजून पेटी नाही, प्रशिक्षण नाही, बायकोला माहीत नाही. त्याला उद्याच फोन करून नाही म्हणा. त्याला मदतच करायची असेल तर रविवारी ड्रिल घेऊन येऊ दे, चौकटीचे स्क्रू दोघांनी मिळून बदला.

– तुमची ताई